चौकटीतला हात

लोंबी हलू लागली आणि चहाचं भांडं घेऊन निघालेल्या वनमालाबाई दारातच थांबल्या.

"अव माय! हे तर पाण्यात असल्यावानी डोलून राहिली."

धाकट्या लेकीने, अनुश्रीने बनवलेल्या लाकडी चौकटीच्या मधोमध धानाची एक वाळलेली लोंबी उभी होती. चौकटीच्या आतल्या कडेने पांढऱ्या एलईडीची पट्टी होती. तळाशी तारेचं वेटोळं होतं, लोंबीच्या देठाला चिकटवलेलं छोटं चुंबक होतं. लोंबी खरं तर डोलत नव्हती. ती इतक्या वेगाने थरथरत होती की साध्या उजेडात नुसती धूसर दिसली असती. पण दिवेही जवळजवळ त्याच वेगाने लागत आणि विझत होते. उजेड पडे तेव्हा लोंबी मागच्या वेळेपेक्षा किंचित पुढे असे. मधलं सगळं अंधारात राही. डोळा उरलेले तुकडे जोडून घेई.

"और दोनों की स्पीड एकदम सेम कर दी तो?" अनुश्रीने नॉब फिरवला.

लोंबी थांबली.

आईने मराठीत विचारलं की ती हिंदीत उत्तर द्यायची. भौतिकशास्त्रात एमएस्सी झाली तरी ही सवय गेली नव्हती. "रायपूरच्या गुढियारीत वाढली पोट्टी, वऱ्हाडाची कुठून होईन?" असं वनमालाबाई आल्यागेल्याला सांगायच्या.

अनुश्रीचे वडील शालिग्राम पलंगावर बसून पाहत होते. त्यांचा उजवा हात मांडीवर थरथरत होता. रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झाले त्या सुमारास अंगठा हलू लागला, मग बोटं, मग सगळा हात. आता जागेपणी तो थांबत नसे.

रविवारी बिलासपूरचे लोक थोरल्या शर्मिष्ठाच्या लग्नाची बोलणी करायला येणार होते. मुलगा नव्या रायपूरला मंत्रालयात होता. वनमालाबाईंनी सकाळीच ठरवून टाकलं होतं.

"तुमी आतल्या खोलीतच राहजा. मी सांगीन, ताप आहे."

"काहून?"

"काहून म्हंजे? घराण्यातच आजार आहे म्हणतील. मंग पोरीचं काय?"

"हव," शालिग्राम म्हणाले होते. इकडचा हा होकार त्यांनी चाळीस वर्षांत उचलला होता. वाद नको असला की तेवढाच शब्द.

वाद अनुश्रीने घातला. "बाबा को छुपाओगी, आई? उनके ही घर में?" वनमालाबाई पदराने डोळे पुसून भाजी चिरायला बसल्या होत्या.

अनुश्रीने थांबलेल्या लोंबीकडे पाहिलं. मग वडिलांच्या हाताकडे. थरथर म्हणजे तीच हालचाल पुन्हा पुन्हा. लोंबीची काय आणि हाताची काय.

तिने लोंबी काढली. खिडकी लावली, पडदा ओढला. चौकट पलंगावर ठेवली आणि वडिलांचा हात उचलून तिच्यामध्ये नेला.

"चटका तर नाही ना लागत?" शालिग्रामांनी विचारलं.

"नहीं बाबा. सिर्फ लाइट है."

ती नॉब सावकाश उलटा फिरवत गेली. लोंबीपेक्षा हात कितीतरी सावकाश हलत होता, म्हणून दिवेही तेवढेच सावकाश लागायला हवे होते. आता प्रत्येक लुकलुक वेगळी दिसू लागली. ती डोळ्यांना टोचत होती. हात आधी तुकड्यातुकड्यांत उडाला. मग एका बाजूला सरकू लागला. अनुश्रीने नॉब केसभर पुढे नेला.

हात थांबला.

पाचही बोटं जागच्या जागी होती. अंगठीचा खडा एका जागी चमकत होता. वनमालाबाई पलंगाजवळ आल्या. त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"अवो... पाहा ना. लग्नात होता तसा हात आहे."

"बाबा, दिख रहा है?" अनुश्रीचा आवाज चढला होता. "रुक गया!"

शालिग्रामांनी हाताकडे पाहिलं. मग दोघींच्या तोंडांकडे पाहिलं. त्या लुकलुकत्या उजेडात दोघी हसत होत्या, आणि वनमालाबाई रडतही होत्या.

"हव," ते म्हणाले.

वनमालाबाई लगबगीने वळल्या. आजारपण सुरू झाल्यापासून त्या नवऱ्याला अर्धाच कप चहा देत आल्या होत्या, सांडू नये म्हणून. आज त्यांनी कप काठोकाठ भरला. बशीही घेतली नाही. त्या थांबलेल्या हातात त्यांनी तो कप दिला.

चहा उसळला. मांडीवर, चादरीवर, चौकटीवर. कप फरशीवर पडून फुटला. अनुश्रीने धावत जाऊन ट्यूबलाइट लावली. शालिग्रामांची बोटं लाल झाली होती आणि नेहमीसारखी थरथरत होती.

"अवो, आता तर थांबला होता ना!" वनमालाबाई त्यांच्या बोटांवर पाणी ओतत म्हणाल्या. "माह्या डोळ्यांनी पाह्यलं मी!"

"हालूनच राहिला होता तो. मले तर समजून राहिलं होतं."

"तो बोले क्यों नहीं, बाबा?"

"तुमी दोघी किती खुश झाल्या होत्या."

त्यांनी ओला हात दुसऱ्या हातात धरला. आवाजात टोमणा नव्हता. ते पोरीला समजावत होते.

"आईसंगं भांडू नोको, अनू. रविवारी मी आतच बसतो. तिथंही असंच असते. हात हालते, तुमाले दिसत नाही."