सहा चेहरे

भगवंत डॉक्टरांनी पुठ्ठा सृष्टीच्या नाकासमोर धरला. त्यावर सहा चेहरे होते. पहिला हसरा, शेवटचा रडका. "बाळा, किती दुखतंय? बोट ठेव."

सात वर्षांच्या सृष्टीने हसऱ्यावर बोट ठेवलं. उकळत्या दुधाने तिची मांडी भाजून तीन दिवस झाले होते आणि आता पट्टी बदलायची होती.

"शाब्बास. शूर पोरगी आहे," डॉक्टर म्हणाले. "सिस्टर, दुखण्याचं इंजेक्शन नको. तशीच बदला."

सृष्टीची आजी म्हाळसाबाई खाटेच्या उशाशी उभी होती. तिने तोंड वाकडं केलं. बाहेर भिंतीवर याच माणसाचे फोटो टांगलेले होते, शालीतले, हारातले. तीस वर्षं म्हणे पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात लेकरांचं दुखणं थांबवलं, परदेशात जाऊन त्यावर भाषणं ठोकली. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

"इंजेक्शन द्या तिला," ती म्हणाली.

"आजी, ती हसतेय." डॉक्टरांनी हट्टी पोराची घालावी तशी तिची समजूत घातली. "दुखणं तिचं आहे, तिलाच विचारायचं असतं. तुमची काळजी मला कळते."

"काय कळतंय तुमाला? उसाच्या कडंला मेंढरांचा वाडा आमचा. पोरं बी तिथंच निजत्यात. रडायचं न्हाई, बिबट्या ऐकतो, हे त्यांना दुधाबरोबर पाजलंय. ही काय तुमाला रडून दावणार?"

डॉक्टर घड्याळाकडे बघून हसले. अश्विनी सिस्टरने कात्री उचलली.

म्हाळसाबाई पुढे झाली. तिने डॉक्टरांचं मनगट धरलं आणि त्यांचा मऊ हात ओढून नातीच्या गालावर, कानाखाली दाबला. जबडा दगडासारखा आवळलेला होता. आत दाढा करकर घासत होत्या. वर तोंड तेवढं हसत होतं.

"मेंढरू दुखण्यात वरडत न्हाई. दाढा खातं," म्हाळसाबाई म्हणाली. "आमच्यात शेंबड्या पोराला बी ठावं असतं हे. तुमी तीस वरसं बघितलं तरी काय?"

डॉक्टरांनी बराच वेळ हात काढला नाही. मग पुठ्ठा खिशात घातला. "सिस्टर, इंजेक्शन भरा."

औषध चढल्यावर अश्विनीने पट्टी सोडायला घेतली. दाढांची करकर थांबली होती. म्हाळसाबाईने नातीचं डोकं पोटाशी धरलं. "हितं बिबट्या न्हाई गं," ती हळूच म्हणाली.

सृष्टीने भोकाड पसरलं.

डॉक्टर दचकले. "अजून दुखतंय? सिस्टर, आणखी थोडं..."

म्हाळसाबाईने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "आता बरं वाटतंय तिला."