मागच्या रांगेतला होकार

गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालणारा गुणाजी नारळ हातात घेऊन देवळासमोर उभा राहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला शब्द सुचेनात. सारा गाव जमला होता. परदेशी संस्थेचा दवाखाना आज बंद होत होता. संस्थेच्या एल्साबाई निरोपाला आल्या होत्या. तालुक्याचे सरकारी डॉक्टर विनीत परब चपला काढून मागच्या रांगेत उभे होते.

दवाखाना चांगला होता. औषध फुकट, बोलणं गोड. म्हणून तर पलीकडच्या सरकारी उपकेंद्राची वाट रानाने गिळली. तिकडे कोणी फिरकेना. मग तिथल्या नर्सबाईंची बदली झाली नि दाराला कुलूप लागलं. आता गुणाजीच्या सुनेचे, वर्षालीचे, दिवस ऐन आषाढात भरणार होते. आषाढात ओहोळ चढला की मालवणच्या इस्पितळाची वाट तुटते.

सकाळीच त्याने डॉक्टरांना उपकेंद्र उघडण्याबद्दल विचारलं होतं.

"प्रस्ताव वर पाठवला आहे," ते म्हणाले होते. "बघू."

"बोल मा रे गुणाजी," कृष्णाबाई मागून खेकसली. "नारळाक कोंब येतलो."

लोकांना वाटलं, तो दुसरी संस्था मागणार. गुणाजीने डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा, ही बाय सातासमुद्रापलीकडसून आमच्यासाठी इली. तिची वाट सुखाची कर."

"व्हय म्हाराजा," साऱ्या गावाने होकार दिला. एल्साबाईंनाही ते आता पाठ होतं.

"तिच्या दारात आमचो पाय रमलो, आणि आपल्या सरकारी दवाखान्याची वाट आमीच मोडली. ती चूक पोटात घाल."

होकार जरा उशिरा आला. पण आला.

"उद्या कोयते घेवन आमी ती वाट साफ करतलव. वर्षालीचे दिवस भरायच्या आत त्या दाराचा कुलूप निघांदे. थंय आमच्या हक्काची नर्सबाय बसांदे."

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज मागच्या रांगेतून आला. माना वळल्या. डॉक्टरांचं लहानपण मालवणजवळच्या मसुऱ्यात गेलं होतं. गाऱ्हाणं कानावर पडलं की होकार आपसूक ओठांवर यायचा.

"डॉक्टरांनू," गुणाजी हळूच म्हणाला, "देवासमोर व्हय म्हटलात. आता फिरूक येवचा नाय."

डॉक्टर हसले, आणि त्यांची शुद्ध मराठी कुठल्या कुठे गेली.

"नवी नर्सबाय येईपर्यंत शेजारच्या गावची सोमवारसून थंय बसतली. आणि उद्या माका पण एक कोयतो ठेवा. कुलपाची चावी माझ्याकडेच आसा."