कावळ्यांचा वायरमन

सकाळपासून दहाव्या माणसापुढे लेकीने बाबांचा तोच फोटो धरला. किराणावाल्याने मान हलवली. "नाही हो ताई. असे म्हातारे दिवसाला छप्पन्न जातात इथून."

बाबा नऊ वाजताच घरातून निघून गेले होते. फाटकाला कडी घालायला तीच विसरली होती. आता दुपार टळत आली, साखरेची गोळी चुकली, आणि विचारलं तर त्यांना पत्ता सांगता येणार नव्हता. स्वतःचं नाव विसरलेले बाबा लेकीला मात्र अजून ओळखत. तेवढाच तिला धीर होता.

इतक्यात मागच्या गल्लीत कावळ्यांनी एकच कालवा केला. "झालं यांचं सुरू!" किराणावाला वैतागला. लेक मात्र धावत सुटली.

बाबा पूर्वी वायरमन होते. कावळे खांबांवर तारांच्या तुकड्यांची घरटी बांधत, वीज जाई, आणि घरटी उतरवायचं काम बाबांच्या गळ्यात पडे. एकदा घाईत त्यांनी आत पाहिलंच नाही. पिल्लं खाली पडून मेली. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. पण कावळ्यांना त्याचं काय! त्यांनी बाबांचा चेहरा लक्षात ठेवला तो ठेवलाच. बाबांनी टोपी बदलली, मिशी काढली, छत्री घेतली, छे! शंभर माणसांतून नेमकी त्यांच्याच टाळक्यावर चोच. ते कावळे म्हातारे होऊन मेलेही असतील, पण पोरांना शिकवून गेले. आई हसायची, "माझ्या माहेरची माणसंसुद्धा इतकी आठवण ठेवत नाहीत हो!"

गल्लीच्या टोकाला बाबा उभे होते. कपाळावर रक्त ओघळलं होतं. डोक्यावर वीसेक कावळे घिरट्या घालत होते. "बाबा!" म्हणत ती त्यांना बिलगली. आयुष्यात पहिल्यांदा तिला त्या द्वाड कावळ्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

एक कावळा झेपावला. बाबांनी चटकन दोन्ही हात तिच्या डोक्यावर धरले. चोच त्यांच्या मनगटात बसली, तरी हात हलले नाहीत.

"बाई, तुम्ही लांब व्हा," ते कळवळून म्हणाले. "यांचं भांडण माझ्याशी आहे. तुम्ही कुणाची तरी लेक असाल. घरी जा, तुमचा बाप वाट बघत असेल."