बिछाना घालणाऱ्या बाईंस

"चुणी राहिली बघ," थोरली दारातूनच म्हणाली. "अशानं कोण ठेवणार बक्षिसी?"

धाकटीने घातलेली चादर उपसली आणि पुन्हा ताणून घातली. तिला स्वतःला चुणी दिसत नव्हती. पण ताईला दिसत होती, म्हणजे असणारच. या हॉटेलात ताईची सात वर्षं झाली होती. तिनेच धाकटीला या परक्या देशात आणून कामाला लावलं होतं, आपल्या खोलीत निम्मी जागा दिली होती आणि निघताना आईला शब्द दिला होता, हिला तळहातावरच्या फोडासारखी जपेन.

दोघींची कामं ठरलेली. थोरलीने आधी खोलीत शिरायचं, उशा उचलायच्या, मळक्या चादरी नि टॉवेल गोळा करून बाहेरच्या गाडीत टाकायचे. मग धाकटीने जायचं, नवा बिछाना घालायचा, बाथरूम घासायचं. बक्षिसी मिळाली तर अर्धी अर्धी. पण पाच महिने झाले, अर्धं करावं असं काही हातीच लागलं नव्हतं. थोरलीच्या मते पाहुणे काही कंजूष नव्हते, धाकटीचा हातच जड होता. धाकटीला हे इतकं लागलं होतं, की भरपाई म्हणून ती थोरलीच्या वाटणीच्या काचाही पुसून टाकायची. या महिनाअखेर काम सोडून घरी परत जायचं, असंही तिने मनाशी ठरवत आणलं होतं. ज्या कामात आपला हात बसत नाही, त्याला किती दिवस चिकटून राहायचं?

थोरली मळक्या चादरींची गाडी घेऊन लिफ्टने खाली गेली, आणि समोरच्या खोलीचं दार उघडलं. साठी ओलांडलेल्या एक बाई बॅग ओढत बाहेर आल्या. बोलणं असं खणखणीत, की जन्मभर शाळेत शिकवलं असणार, हे कुणीही ओळखावं.

"तूच ना गं बिछाना घालणारी? आलो त्याच दिवशी तुम्हा दोघींचं बोलणं कानावर पडलं. म्हटलं, अगंबाई, ही तर आपल्यातली! पण आमची सहलीची बस सकाळी सातलाच निघते, भेटणार कधी? आज परत चाललो, म्हणून मुद्दाम थांबले. चिठ्ठ्या वाचल्यास ना माझ्या?"

"कसल्या चिठ्ठ्या?"

"अगं, रोज उशीखाली ठेवत होते की! पाकिटात, बक्षिसीबरोबर. पाकिटावर चांगलं मोठ्या अक्षरात लिहीत होते, 'बिछाना घालणाऱ्या बाईंस'."

उशी आधी कोण उचलतं, हे धाकटीला कुणी सांगायला नको होतं.

"हां, त्या होय," ती कशीबशी म्हणाली. "वाचल्या ना. सगळ्या वाचल्या." परक्या माणसापुढे घरची लाज कशाला काढायची?

"मनापासून लिहिलंय हो, उगीच गोड बोलणाऱ्यातली नाही मी." खालून बसचा हॉर्न वाजला. बाईंनी धाकटीच्या गालावरून हात फिरवला आणि लगबगीने लिफ्टकडे गेल्या.

थोरली धुतलेल्या चादरी घेऊन वर आली, तेव्हा धाकटी खोलीच्या मधोमध उभी होती. परक्याने फसवलं असतं तर ती दोन शिव्या देऊन मोकळी झाली असती. सख्ख्या बहिणीला काय शिव्या देणार? दोघींची आई एकच.

"ताई, समोरच्या बाई भेटल्या होत्या."

थोरलीचा हात टॉवेलांच्या चळतीवर थांबला. "काय म्हणत होत्या?"

"तुला ठाऊक आहे काय म्हणत होत्या."

थोरलीने कानांवर हात ठेवले नाहीत, एवढंच काय ते तिचं पुण्य. "नड होती गं," ती खालच्या आवाजात म्हणाली. "देईन तुझे सगळे."

"नड होती तर मागायचेस! मी काय नाही म्हटलं असतं? पैसे गेले चुलीत, ताई. पण चुणी कुठून काढलीस तू? पाच महिने रोज एकेक बिछाना दोनदोनदा घातला मी. मला वाटलं, माझे हातच वाईट."

थोरली चादरींच्या घड्या नीट करत राहिली. त्या आधीच नीट होत्या.

"चिठ्ठ्या कुठे आहेत?"

"फाडून टाकल्या."

"काय लिहिलं होतं?"

थोरलीने मागचं दार लोटून घेतलं. मग धाकटीकडे न बघता, भिंतीकडे तोंड करून ती बोलू लागली.

"'बाई, माझ्या यजमानांची पाठ वर्षभर दुखते आहे. चादरीची एवढीशी चुणीसुद्धा त्यांना रात्रभर सलते. काल ते सकाळपर्यंत एका कुशीवर झोपले. मीच दोनदा उठून, श्वास चालू आहे ना, ते पाहिलं. तुमचं नाव मला माहीत नाही. पण देवाने हात द्यावेत तर असे.'"

धाकटी नुकत्याच घातलेल्या बिछान्यावर बसली. पाहुण्यांच्या बिछान्यावर बसायची कामवाल्यांना सक्त मनाई होती. थोरली तिला ऊठ म्हणाली नाही.

"परत म्हण," धाकटी म्हणाली.

थोरलीने परत म्हटलं. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.