पाखराचा पेरू

"वटवाघळाने उष्टावलेलं फळ सुनेने खाल्लं होतं का?" साथीच्या पथकातल्या डॉक्टरने ओटीवर बसत विचारलं. सून तीन दिवसांपासून तालुक्याच्या दवाखान्यात तापाने फणफणत होती, आणि कालपासून ती माणसंही ओळखत नव्हती.

"तसलं काही नाही आमच्यात," सासू म्हणाली.

डॉक्टरने सुनेच्या नावाच्या फॉर्मवर 'नाही' लिहिलं. सकाळपासून हे आठवं घर होतं. सासूने पेरूच्या फोडींची बशी पुढे केली, तेव्हा डॉक्टरला नको म्हणवेना. मास्क खाली करून तिने दोन फोडी खाल्ल्या.

"गोड आहे हो."

"असणारच. पाखराने खाल्लेला आहे, तेवढा भाग कापून टाकला. पिकल्याशिवाय पाखरू तोंड लावत नाही. सुनेलाही असलाच लागतो."

डॉक्टरचा हात बशीवरच थांबला. "कुठलं पाखरू, मावशी?"

सासूने मागचं दार उघडून ओढ्याकाठच्या चिंचेकडे बोट केलं. फांद्यांना काळी पाखरं उलटी लटकून झोपली होती.

डॉक्टरने मास्क वर ओढला आणि 'नाही' खोडलं. मग कोरा फॉर्म काढून पहिल्या ओळीत स्वतःचं नाव लिहिलं.