पान नऊपासून

पैज लागली ती टाकीपाशी, अर्धी बिल्डिंग रिकाम्या बादल्या घेऊन ताटकळत असताना. तिसऱ्या मजल्यावरचे साहेब शाळाखात्यात पर्यवेक्षक. खात्याचं नवं कोरं पुस्तक त्यांच्या काखेत होतं. म्हणाले, "ह्यातलं पान न पान पाळलं, तर महिन्याभरात दगडसुद्धा वाचायला लागेल."

"दगड हजर आहे, साहेब," टाकीत कमरेपर्यंत उतरलेला प्लंबर तिथूनच बोलला. सगळे त्याला वॉशर म्हणायचे, कारण काहीही बिघडलं तरी हा आधी वॉशर बदलून बघायचा.

बादल्या हसल्या म्हटलं तरी चालेल. साहेबांना चेव आला. ठरलं असं की, पुस्तकानं वॉशर वाचायला लागला तर वॉशरनं इथंच, सगळ्यांसमोर, कान धरून दहा उठाबशा काढायच्या. नाही लागला तर साहेबांनी.

"शिकवणार कोण पण?"

"बाई आहेत की."

तळमजल्यावरच्या बाई साहेबांच्याच अखत्यारीतल्या शाळेत पहिलीला होत्या. साठ पोरं दिवसभर हाकून नुकत्या आलेल्या. त्यांना एक बादली भरून घरात जायचं होतं, बस. सव्वीस वर्षांत खात्याची ही पाचवी नवी पद्धत. साहेबांनी पुस्तक त्यांच्या हातात कोंबलं. "प्रस्तावना-बिस्तावना सोडा. पान नऊपासून धरा."

बाई "हो" म्हणाल्या. नाही म्हणायलाही अंगात बळ लागतं.

संध्याकाळी वॉशर दारात आला, तेव्हा त्याच्या तोंडावरचा टवाळपणा कुठं गेला होता कुणास ठाऊक. "पैज गेली खड्ड्यात, बाई. पाणीखात्याचा नवा नियम आलाय. अधिकाऱ्यापुढं अर्ज वाचून दाखवायचा, तरच परवाना. पुढच्या महिन्यात माझा नंबर. परवाना गेला तर या वयात मी काय करू?"

"बसा," बाई म्हणाल्या आणि पान नऊ उघडलं.

पान नऊवर ससा होता. सशाकडे बघून 'स' ऐकायचा, म्हणायचा, पुन्हा ऐकायचा. दहा दिवस ससा झाला. अकराव्या दिवशी वॉशर सशासमोर बसल्या बसल्या घोरायला लागला, आणि खरं सांगायचं तर बाईंचाही डोळा लागला. दोघांना जाग आली ती स्वयंपाकघरात बेसिन गळायला लागलं म्हणून.

वॉशर आपसूक बेसिनखाली शिरला. बाई भिंतीला टेकून, गुडघा चोळत बघत राहिल्या.

"ते वाकडं काय हो, भाऊ?"

"ट्रॅप. पाणी खाली वळतं, वास वर येत नाही."

बाईंच्या पदराला खडू कायमचाच. त्या कशाबशा खाली बसल्या आणि फरशीवर 'क' काढला, त्याच्या खाली उकार. "मग हा पण ट्रॅप. कु."

वॉशर पाना हातात धरून बघत राहिला. "आणि उभा पाईप टाकला तर?"

"का."

त्या दिवशी पुस्तक फ्रीजवर गेलं, ते तिथंच राहिलं. मग काना म्हणजे उभा पाईप, वेलांटी म्हणजे बेंड, डावा नि उजवा, आणि अनुस्वार म्हणजे गळका थेंब. जोडाक्षर आलं की कपलिंग. जिथं पाईप पुरले नाहीत तिथं बाईंनी जुना तक्ता काढला, कधी खोक्यांवरची लेबलं, कधी पोरांना शिकवायच्या टाळ्या. जे लागू पडेल ते.

महिना भरला. टाकीपाशी पुन्हा बादल्या. साहेबांनी स्वतःच्या हातानं कागदावर ओळ लिहून आणली होती. वॉशरनं कागद धरला. ओठ हलत होते. शेजारी उभ्या बाईंनाच तेवढं ऐकू येत होतं. "उभा पाईप... उजवा बेंड..." मग मोठ्यानं, "टाकी साफ करताना... मुख्य नळ... बंद ठेवावा."

टाळ्या पडल्या. बाईंनी परत द्यायला पुस्तक खाली आणलं होतं, ते साहेबांनी मागून घेतलं आणि उंच धरलं. "पुढच्या महिन्यापासून सगळ्या शाळांत हेच. ह्याच्या बाहेरचं एक अक्षर चालणार नाही."

वॉशर खुशीत होता. त्यानं कान धरलेसुद्धा.

बाईंना साठ पोरं दिसली, सगळी सशासमोर बसलेली. रिटायर व्हायला तीन वर्षं होती, आणि बदलीच्या कागदावर सही साहेबांची. त्यांनी हात वर केला, वर्गात पोरं करतात तसा.

"साहेब, सशाच्या पुढं आम्ही गेलोच नाही. हे पाईपांवर शिकलेत."

"म्हणजे?"

"म्हणजे पैज तुम्ही हरलात. पण पुस्तक बंद मी केलं. तेव्हा मीच काढते."

आणि खरंच त्यांनी कान धरले. कुणी हसलं नाही. चौथ्या उठाबशीला गुडघा अडकला. वॉशरनं त्यांना काखेत हात घालून उभं केलं.

"बस झालं, बाई. उरलेल्या सहा साहेबांच्या."

कुणाची तरी बादली भरून वाहत होती, पण नळ बंद करायला कुणी हललं नाही. साहेबांनी एकदा जिन्याकडे पाहिलं. जिन्यातही लोक होते. मग त्यांनी पुस्तक वॉशरच्या हातात दिलं आणि कान धरले.

वॉशरला हात रिकामे ठेवायची सवय नव्हती. त्यानं पुस्तक सुरुवातीपासून उघडलं आणि ओळीवर बोट ठेवलं.

"मुलाला... जे येते... तिथून... सुरुवात करावी."

साहेब खाली बसले होते, ते तसेच राहिले. "हे कुठल्या पानावर आहे?"

बाईंनी वाकून पाहिलं.

"पहिल्याच," त्या म्हणाल्या. "उठा, साहेब. पाच राहिल्यात."