कानामोनोच्या नंतरच्या कॅसेटी

सूडाला तपश्चर्या लागते, असं कुरिमोतोचं ठाम मत होतं. तपश्चर्येइतकाच मोठा माळाही लागतो, हे त्याला पुढे कळलं.

जपानातल्या कोकुराच्या बाजारात, उदोन शेवयांच्या खानावळीच्या वर, त्याचं कॅसेटींचं दुकान होतं. गावात पंक ऐकणाऱ्यांना दुसरं दुकान नव्हतं. त्यामुळे ‘कानामोनो’ या हार्डकोर बँडचा गिटारवाला ओनुमा नवी कॅसेट निघाली की पेटी घेऊन तिथेच यायचा. दुसरीकडे ठेवायची नाही, टपालाने पाठवायची नाही, संपली की पुन्हा काढायची नाही, असा त्या बँडचा बाणा होता.

कुरिमोतो त्याच बँडचा पहिला गायक. म्हणजे ओरडणारा. पहिल्या दोन कॅसेटी त्याच्याच घशाच्या जिवावर निघाल्या. मग एकदा कार्यक्रमानंतर सगळे प्यायला बसले असताना ओनुमा चारचौघांत म्हणाला, “कुरी, वाईट वाटून घेऊ नकोस. तुझा आवाज गोड आहे.”

या मंडळींत याहून घाण शिवी नाही. ड्रमवाला तर बिअर नाकातून येईपर्यंत हसला. महिन्याभरात कुरिमोतोच्या जागी तोबिता आला. त्याचा आवाज गंजलेलं शटर ओढल्यासारखा होता.

कुरिमोतो भांडला नाही. त्याने दुकान काढलं आणि वाट पाहिली. तोबिताला घेऊन केलेल्या कॅसेटींची पहिली पेटी आली, तेव्हा त्याने ती कमरेत वाकून दोन्ही हातांनी घेतली आणि ओनुमाची पाठ वळताच माळ्यावर टाकली. विक्रीचे म्हणून पैसे स्वतःच्या खिशातून दिले. ज्यांनी आपल्याला गोड म्हटलं, त्यांचा आवाज एकाही कानावर पडू द्यायचा नाही. स्वतःच्यासुद्धा नाही.

दुसऱ्या पेटीच्या वेळी ओनुमा जरा जास्त टेकला.

“मागच्या खपल्या का रे?”

“पहिल्याच दिवशी, ओनुमासान.”

“माझा भाचा आला होता म्हणे. त्याला नाही मिळाली.”

“उशीर झाला असेल त्याला.”

“दुकान उघडायच्या आधी येऊन उभा होता.”

“मग पोरांनी ढकललं असेल मागे. फार गर्दी होती.”

“असेल, असेल.” ओनुमाने चहावर फुंकर मारली. “नवी पोरं आडदांडच.” मग त्याने पिशवीतून मासळीच्या वड्यांचा डबा काढला, नीट कागदात बांधलेला, आणि पेटीवर ठेवला. एके काळी हा माणूस प्रेक्षकांवर थुंकायचा.

तेव्हापासून तोच रिवाज पडला. दोन-तीन वर्षं गेली की एक पेटी, वर वड्या.

“तोबितासान बरे आहेत ना? घसा काय म्हणतो त्यांचा?”

“हल्ली काही म्हणत नाही.”

“आणि कार्यक्रम?”

“गुडघे दुखतात, बाबा. आता नुसत्या कॅसेटी.”

ओनुमा गेला की कुरिमोतो वड्या खायचा आणि पेटी वर चढवायचा. शिडीवर गुडघे त्याचेही दुखत. पण शत्रूची उभ्या जन्माची मेहनत आपल्या डोक्यावर धूळ खात पडली आहे, या विचाराने त्याला झोप छान लागे.

घोटाळा झाला तो भलतीकडेच. कॅसेटी कुणालाच मिळेनात, म्हणून त्यांची कीर्ती वाढली. आपल्याला मिळाली नाही हे कबूल करणं या मंडळींत कमीपणाचं. त्यामुळे त्या प्रत्येकाने ऐकलेल्या होत्या. तोक्योच्या एका मासिकाने तर देशातलं सर्वांत निर्दय हार्डकोर म्हणून त्यांच्यावर चार पानं लिहिली.

एका दुपारी ते मासिक घेऊन हिनागो आली. कॉलेजात जाणारी, डोकं भादरलेली पोरगी. काउंटरवर कोपरं टेकून म्हणाली, “काका, कानामोनोच्या जुन्या दोन ठीक आहेत हो. पण खरा बँड नंतरचा.”

“नंतरचा?”

“पाचवी पेटी आली होती ना, त्यातली ऐका. अंगावर येते नुसती. आधी कोणीतरी गायक होता म्हणे, त्याला हाकललं तेच बरं झालं.”

कुरिमोतोने काउंटर पुसायला घेतला. “तू ऐकलीस?”

“म्हणजे काय! पाठ आहे मला.”

“मिळाली कुठे?”

“तुमच्याकडेच तर घेतली, काका. वय झालं तुमचं.”

ती गेल्यावर कुरिमोतोने भर दुपारी शटर ओढलं. एवढी वर्षं घाम गाळून त्याने शत्रूचा देव केला होता. आता एकच उपाय उरला होता. व्रत मोडायचं, सगळं ऐकायचं, त्यातलं सर्वांत भिकार गाणं निवडायचं आणि रविवारी सगळ्या पोरांसमोर दुकानात लावायचं. पुढचं काम पोरांचे कानच करतील.

त्याने सगळ्या पेट्या खाली उतरवल्या. पहिल्या पेटीतली एक कॅसेट घेतली, वेष्टण फाडलं, लावली.

तोबिता ओरडला आणि कपाटाची काच थरथरली. कुरिमोतो उभा होता तो हळूच स्टुलावर बसला. गाणी चांगली होती. त्याच्या वेळच्या गाण्यांहून चांगली होती. खालच्या खानावळवाल्या बाईने छताला झाडू ठोकला, तरी त्याने आवाज कमी केला नाही. बाजू संपली, उलटून दुसरी ऐकली. तिच्यातही एक भिकार गाणं सापडेना.

पण माणूस कायम चांगलं थोडंच करतो? नंतर कधीतरी घसरलेच असतील. त्याने दुसऱ्या पेटीतली लावली. मग तिसऱ्या. अंगावर येणारी पाचवीही दोन्ही बाजूंनी शेवटपर्यंत चालवली. मग प्रत्येक पेटी फोडून मुठीमुठीने कॅसेटी काढल्या आणि अंधार पडेपर्यंत एकेक लावून पाहिली.

पहिल्या पेटीनंतरच्या सगळ्या कोऱ्या होत्या.